टेरिअरचे दुसरे घर

ज्या मराठी घरांत एके काळी चावीचा ग्रामोफोन होता आणि नाट्यपदांच्या तबकड्या जिवापाड जपल्या जात, त्या घरांतील मुलांची रागदारीशी ओळख होण्यापूर्वी, तबकडीच्या मध्यभागी कर्ण्यासमोर मान कलती करून बसलेल्या पांढऱ्या कुत्र्याशी ओळख झालेली असे. 'हिज मास्टर्स व्हॉइस' या कंपनीचे ते बोधचिन्ह ज्याच्यावरून चितारले गेले, तो निपर नावाचा टेरिअर कुळीतला कुत्रा १८८४ साली इंग्लंडातील ब्रिस्टल शहरी जन्मला. नाटकगृहाचे पडदे रंगविणारा त्याचा धनी मार्क बॅरॉड १८८७ साली निष्कांचन अवस्थेत मरण पावला, तेव्हा आल्यागेल्याच्या पोटऱ्यांचे चावे घेण्याबद्दल ख्यात असलेल्या या उपद्व्यापी प्राण्याला मार्कच्या भावाने, म्हणजे चित्रकार फ्रान्सिस बॅरॉड याने, आपल्या घरी आश्रय दिला. १८९५ साली कुत्रा वारला आणि त्यानंतर काही वर्षांनी फ्रान्सिसने ते जगप्रसिद्ध चित्र पुरे केले. धन्याच्या आवाजाकडे कान लावून बसलेल्या त्या एकनिष्ठ कुत्र्याने आपल्या आयुष्यात धनी आणि घर बदलले होते, ही गोष्ट तबकडी वाजविणाऱ्यांपैकी फारच थोड्यांच्या कानी आली असेल.

निपरचे उदाहरण एकटे नाही. १९३९ च्या 'द विझार्ड ऑफ ऑझ' या चित्रपटात टोटोचे काम करणारी केर्न टेरिअर जातीची कुत्री, जिचे खरे नाव टेरी होते, ती घरातील गालिचे खराब करते या सबबीवर तिच्या मालकांनी कार्ल स्पिट्झ या शिक्षकाच्या हवाली केली होती, आणि शिक्षण पुरे झाल्यावर तिला परत नेण्यास ते आलेच नाहीत. 'फ्रेझर' या अमेरिकन दूरचित्रवाणी मालिकेत एडी या भूमिकेने घरोघरी पोहोचलेला मूस हा जॅक रसेल टेरिअर त्याच्या पहिल्या कुटुंबाला आवरेना म्हणून दुसरीकडे धाडला गेला होता. आणि २०११ च्या 'द आर्टिस्ट' या मूकपटातील अगी हा कुत्रा तर एकाहून अधिक घरांनी अतिचपळ म्हणून नाकारलेला होता. पहिल्या घरी जो स्वभाव असह्य ठरला, तोच दुसऱ्या ठिकाणी कुत्र्याच्या कीर्तीस कारण झाला, हे या चरित्रांतील समान सूत्र आहे. आणि बेवारस किंवा नकोशा झालेल्या टेरिअरांना नवी घरे मिळवून देण्याचा जो उद्योग ब्रिटनमध्ये आज शेकडो लहानमोठ्या संस्था करतात, त्याचे सारे मर्मही याच सूत्रात सामावलेले आहे. या कामात दया लागते हे खरे; परंतु दयेहून पारख अधिक लागते.

टेरिअर ही एकच जात नसून ब्रिटिश बेटांतील निरनिराळ्या खोऱ्यांत आणि डोंगरांत, तेथील शिकारीच्या आणि शेतीच्या गरजांप्रमाणे घडत गेलेल्या कुत्र्यांचे ते एक विस्तृत कुल आहे. कुत्र्यांच्या वंशावळींचे दफ्तर सांभाळणारा लंडनचा केनेल क्लब १८७३ साली स्थापन झाला. त्याच्या टेरिअर गटात आज पंचवीसहून अधिक जातींची नोंद आहे. यॉर्कशरमधील एअर नदीच्या खोऱ्यातला धिप्पाड एअरडेल, इंग्लंड आणि स्कॉटलंड यांच्या सीमेवरील टेकड्यांतला बॉर्डर टेरिअर, नॉर्थंबरलंडच्या कोळसाखाणींतील मजुरांनी पाळलेला कोकरासारखा दिसणारा बेडलिंग्टन, स्कॉटलंडच्या खडकाळ प्रदेशातले केर्न आणि पांढरेशुभ्र वेस्ट हायलंड, वेल्सचा सीलिहॅम आणि आयर्लंडातील विक्लो परगण्याचा ग्लेन ऑफ इमाल ही सारी याच कुळातली भावंडे होत. रंग, उंची आणि केस यांत त्यांचे आपसांत कितीही अंतर असले तरी जमिनीच्या पोटात दडून बसलेल्या जनावराचा माग काढणे, त्याला बाहेर हुसकणे किंवा जागीच मारणे, हे मूळ कर्म बहुतेकांच्या वाट्याला सारखेच आले होते.

या कुळातील सर्वांत लोकप्रिय शाखेचा उगम तर एका धर्मोपदेशकाच्या नावाशी निगडित आहे. डेव्हन परगण्यातील जॉन रसेल हा तरुण ऑक्सफर्ड येथे शिकत असताना १८१९ साली त्याने एका गवळ्याजवळ पांढऱ्या रंगाची, डोळ्यांवर आणि कानांवर तांबूस ठिपके असलेली ट्रम्प नावाची टेरिअर कुत्री पाहिली आणि तेथल्या तेथे विकत घेतली. पुढे स्विमब्रिज गावचा पाद्री म्हणून दीर्घकाल राहिलेल्या आणि १८८३ साली मृत्यू पावलेल्या या शिकारवेड्या गृहस्थाने तिच्यापासून जी पैदास वाढविली, तिचेच वंशज आज जॅक रसेल आणि पार्सन रसेल या नावांनी ओळखले जातात. कोल्ह्याच्या बिळात शिरता यावे म्हणून छाती इतकी बारीक हवी की माणसाच्या दोन तळव्यांच्या वेढ्यात ती मावावी. मोठ्या शिकारी कुत्र्यांनी कोल्हा समजून त्यालाच फाडू नये म्हणून रंग पांढरा हवा. आणि बिळात कोल्ह्याशी गाठ पडल्यावर वर उभ्या असलेल्या माणसांना ठिकाण कळावे म्हणून अखंड भुंकण्याची चिकाटी हवी. शिवाय ज्या अंधाऱ्या बोगद्यात धन्याचा हुकूम पोहोचत नाही, तेथे पुढे जावे की मागे फिरावे याचा निर्णय कुत्र्याने स्वतःच करायचा असल्यामुळे, आज्ञाधारकपणापेक्षा स्वतंत्र बुद्धी आणि अंगापेक्षा मोठे धारिष्ट यांना पिढ्यानपिढ्या पसंती मिळत गेली.

आता हाच प्राणी एखाद्या शहरवासी कुटुंबाच्या दोन खोल्यांच्या घरात आणून ठेवला आणि सकाळी साडेआठला सारे कुटुंब कामाला निघून गेले, म्हणजे काय घडते याचा अंदाज करणे कठीण नाही. कुत्रा सोडून देण्यास आलेले मालक ज्या तक्रारी निवाऱ्याच्या कारकुनापुढे मांडतात, त्यांची यादी जवळजवळ ठरलेली असते: दिवसभर भुंकतो, बगिचा उकरतो, कुंपणाखालून निसटतो, हाक मारली तर ऐकत नाही, शेजारच्या मांजरीच्या जिवावर उठतो, मुलांच्या हातातील खेळणी हिसकावून गदागदा हलवितो. या यादीतील एकेक कलम रसेलसाहेबांसारख्या पैदास करणाऱ्यांच्या अपेक्षापत्रिकेशी ताडून पाहिले, तर असे दिसून येते की ज्या गुणांसाठी माणसाने या कुत्र्याला दोनशे वर्षे घडविले, त्याच गुणांबद्दल माणूसच आता त्याच्यावर फिर्याद गुदरीत आहे. जो प्राणी आपल्या कर्मात निष्णात आहे, त्याला कर्मच उरले नाही, ही त्याची खरी अडचण होय.

परंतु निवाऱ्यात येणारा प्रत्येक टेरिअर खोडकरपणामुळेच येतो असे समजणे अन्यायाचे होईल. पुष्कळांच्या मागे माणसांचीच कौटुंबिक दैन्ये असतात: वृद्ध मालकाचा मृत्यू, पतिपत्नींचा काडीमोड, नोकरीतील बदली, पाळीव जनावरास मज्जाव करणारा भाडेकरार, किंवा पशुवैद्याचे न परवडणारे बिल. लहानखुरा, चलाख आणि दीर्घायुषी म्हणून म्हाताऱ्या माणसांना टेरिअर विशेष प्रिय असतो, आणि त्याचे हे दीर्घायुष्यच कधी कधी त्याच्या मुळावर येते. रॉयल व्हेटर्नरी कॉलेजच्या संशोधकांनी २०२२ साली प्रसिद्ध केलेल्या पाहणीत, ब्रिटनमधील निवडक १८ जातींपैकी जॅक रसेल टेरिअरचे जन्मसमयीचे अपेक्षित आयुर्मान सर्वांत अधिक, म्हणजे १२.७२ वर्षे भरले होते. सत्तरी ओलांडलेल्या गृहस्थाने सोबतीसाठी आणलेले पिल्लू त्याच्यामागे उरण्याचा संभव किती मोठा आहे, हे या आकड्यावरून उघड होते. हा प्रश्न ओळखूनच 'डॉग्ज ट्रस्ट' ही संस्था आपल्या पश्चात कुत्र्याची तजवीज व्हावी अशी इच्छा असणाऱ्यांची आगाऊ नोंद करून घेते, आणि १९८५ साली स्थापन झालेला 'सिनॅमन ट्रस्ट' वृद्ध व आजारी माणसांच्या प्राण्यांना फिरवून आणण्यापासून त्यांच्या मृत्यूनंतर त्या प्राण्यांचे पालकत्व पत्करण्यापर्यंतची जबाबदारी उचलतो. याखेरीज आणखी एक दुःखद वर्ग असतो तो कान फाटलेल्या, जबड्यावर जुने व्रण असलेल्या टेरिअरांचा. बॅजर या संरक्षित प्राण्याशी कुत्रे झुंजविण्याचा गुन्हा १९९२ च्या कायद्याने कडक शिक्षेस पात्र ठरला असूनही चोरून चालू राहिला आहे, याचा तो जिवंत पुरावा होय.

रस्त्यावरच जन्मलेल्या आणि गल्लीच्या उष्ट्याखरकट्यावर वाढलेल्या कुत्र्यांची सवय असलेल्या आपल्याकडील वाचकाला येथे एक प्रश्न पडेल, की धन्याने टाकलेला कुत्रा तिकडे रस्त्यावर का राहू शकत नाही? भारतात रस्त्यावरील कुत्र्याला धरून, त्याचे निर्बीजीकरण करून आणि रेबीजची लस टोचून पुन्हा त्याच्या मूळ जागी सोडण्याचा दंडक अवलंबिला गेला. ब्रिटनमध्ये मात्र धन्याविना फिरणारा कुत्रा ही वस्तुस्थितीच कायद्याला मान्य नाही. १९९० च्या 'एन्व्हायर्नमेंटल प्रोटेक्शन ॲक्ट'प्रमाणे असा कुत्रा स्थानिक स्वराज्य संस्थेचा अधिकारी ताब्यात घेतो, सात दिवसांची मुदत मूळ मालकासाठी राखून ठेवतो, आणि त्या मुदतीत कोणी हक्क सांगण्यास न आल्यास कुत्रा योग्य व्यक्तीस किंवा संस्थेस देण्याचा, प्रसंगी त्याला मारून टाकण्याचाही, अधिकार त्या संस्थेस प्राप्त होतो. २०१६ च्या एप्रिलपासून इंग्लंडात प्रत्येक कुत्र्याच्या मानेच्या कातडीखाली तांदळाच्या दाण्याएवढी चिप बसविणे सक्तीचे झाल्यामुळे मालकाचा शोध पुष्कळ सुकर झाला आहे. मात्र घर बदलूनही नव्या पत्त्याची नोंद न करणाऱ्यांची संख्या अल्प नसल्याने, चिप असूनही कुत्रा बेवारस ठरल्याची उदाहरणे घडतच राहतात.

सात दिवसांच्या या मुदतीपलीकडे कुत्र्याच्या जिवाची हमी घेणारी व्यवस्था सरकारने निर्माण केलेली नाही. ती निर्माण केली लोकांनी. मेरी टील्बी या मध्यमवयीन बाईने १८६० साली लंडनच्या हॉलोवे भागात हरवलेल्या आणि उपाशी कुत्र्यांसाठी तात्पुरता निवारा उघडला, तेव्हा माणसे उपाशी मरत असताना कुत्र्यांसाठी कसली धर्मशाळा, असे म्हणून वृत्तपत्रांनी तिची यथेच्छ टवाळी केली. परंतु चार्ल्स डिकन्स संपादित करीत असलेल्या 'ऑल द इयर राऊंड' या साप्ताहिकात १८६२ साली त्या निवाऱ्याची सहानुभूतीने दखल घेणारा लेख छापून आला आणि लोकमताचा ओघ हळूहळू पालटला. १८७१ साली हा निवारा थेम्सच्या दक्षिणेकडील बॅटरसी येथे गेला आणि त्या वस्तीचेच नाव त्याला कायमचे चिकटले. स्थापनेपासून आजपर्यंत तीस लाखांहून अधिक प्राणी त्याच्या दारातून आत आले आहेत. १८९१ साली स्थापन झालेल्या 'नॅशनल कनाइन डिफेन्स लीग'ने २००३ साली 'डॉग्ज ट्रस्ट' हे नाव धारण केले. निरोगी कुत्र्याचा जीव कधीही घ्यायचा नाही, हे या संस्थेचे ब्रीद आहे. कुत्रा हा नाताळाच्या भेटीपुरता नसून जन्मभरासाठी असतो, हे जे वाक्य इंग्लंडात म्हणीसारखे रूढ झाले, तेही याच संस्थेच्या क्लॅरिसा बाल्डविन यांनी १९७८ साली रचलेले होय. या मोठ्या संस्थांच्या जोडीने जवळजवळ प्रत्येक टेरिअर जातीच्या चाहत्यांचे आपापले लहान मंडळ असते. त्यांच्याजवळ इमारत नसते, पिंजरे नसतात, असतात ती फक्त सभासदांची घरे, त्यांच्या मोटारी आणि त्या जातीच्या स्वभावाची पिढीजात जाण.

निवाऱ्यात दाखल झालेल्या टेरिअरची प्रथम चिप तपासली जाते, नंतर पशुवैद्य त्याचे दात, कातडी, गुडघे आणि डोळे पाहतो. वेस्ट हायलंड टेरिअरला कातडीच्या अ‍ॅलर्जीचा विकार जडलेला असण्याचा संभव मोठा असतो, तर जॅक रसेल आणि त्याच्या नातलग जातींत डोळ्यातील भिंग जागेवरून सरकण्याचा आनुवंशिक दोष आढळतो. आणि सतत गुरगुरणारा किंवा एकाएकी चावणारा कुत्रा तापट नसून केवळ वेदनाग्रस्त होता, असे या तपासणीत कित्येकदा निष्पन्न होते. लस, जंतावरचे औषध आणि निर्बीजीकरण हे सोपस्कार उरकल्यावर खरा कठीण भाग सुरू होतो, तो स्वभाव जाणून घेण्याचा. पूर्वीच्या मालकाने दिलेला जबाब उपयुक्त असला तरी तो शब्दशः ग्राह्य मानता येत नाही, कारण कोणी कुत्रा नाकारला जाईल या भीतीने चावल्याची हकीकत दडवितो, तर कोणी आपल्या मनाच्या समाधानासाठी त्याचे अवगुण फुगवून सांगतो. म्हणून खाण्याच्या थाळीजवळ गेल्यास तो कसा वागतो, अनोळखी पुरुष पाहून दबतो की झेपावतो, दुसरा कुत्रा किती अंतरावर आल्यावर दोर ताणू लागतो, याच्या नोंदी एका दिवसाच्या परीक्षेवर न सोडता निरनिराळ्या सेवकांकडून कित्येक दिवस घेतल्या जातात.

या परीक्षेत टेरिअरचे नशीब एका बाबतीत विशेष खोटे असते. डझनभर कुत्री एका छपराखाली भुंकत असताना, जो कुत्रा मूळचाच जागरूक आणि तत्काळ प्रतिसाद देणारा, त्याची अवस्था काय होत असेल? तो जाळीवर उड्या घेतो, स्वतःभोवती गिरक्या मारतो, येणाऱ्याजाणाऱ्यांवर भुंकून घसा बसवून घेतो. आणि रविवारी दत्तक कुत्रा पाहण्यास आलेले कुटुंब त्याच्या पिंजऱ्यासमोरून घाईने पुढे सरकून कोपऱ्यात शांत पडलेल्या एखाद्या म्हाताऱ्या लॅब्रेडॉरपाशी थांबते. यावर या क्षेत्रातील अनुभवी मंडळींनी काढलेला तोडगा म्हणजे तात्पुरत्या पालकांचे घर, ज्याला तिकडे फोस्टर म्हणतात. पिंजऱ्यात वेडापिसा झालेला तोच टेरिअर एखाद्या साध्या बैठकीच्या खोलीत दोनतीन आठवडे राहिला, की धुलाईयंत्राचा आवाज त्याला सोसतो की नाही, रात्री तो एकटा झोपतो की नाही, दारावरच्या घंटीने त्याचा किती संताप होतो, या सर्व गोष्टी स्पष्ट होतात. आणि त्याच्याविषयी जे वर्णनपत्र पुढे इच्छुकांना दाखविले जाते, ते अनुमानावर न राहता प्रत्यक्ष सहवासावर आधारलेले असते.

यानंतर येते ती घरांची पारख. दोन्ही घराण्यांची माहिती असलेला जुना जाणता मध्यस्थ ज्याप्रमाणे केवळ रूप आणि पैसा न पाहता चालीरीती, स्वभाव आणि सासूचा करारीपणा यांचा हिशेब करूनच स्थळ सुचवीत असे, तद्वत या संस्थांचे कार्यकर्तेही इच्छुकाच्या आवडीला अखेरचा शब्द मानीत नाहीत. घरात किती वर्षांची मुले आहेत, कुत्रा दिवसातून किती तास एकटा राहील, सशाचा किंवा हॅम्स्टरचा पिंजरा घरात आहे काय, पूर्वी टेरिअर पाळला होता काय, जागा भाड्याची असल्यास घरमालकाचा लेखी दाखला आहे काय, अशा प्रश्नांचा अर्ज प्रथम भरून घेतला जातो आणि पुष्कळदा कोणी प्रतिनिधी घर पाहण्यास येतो. टेरिअरसाठी घर पाहणारा मनुष्य कुंपणाच्या उंचीइतकेच त्याच्या पायाकडे लक्ष देतो. कारण जो प्राणी वरून उडी मारून जात नाही, तो खालून उकरून हमखास जातो, आणि म्हणून कुंपणाच्या बुडाशी जाळी पुरावी किंवा फरशा बसवाव्या, असे त्यास सांगावे लागते. घरात आधीचा कुत्रा असल्यास दोघांची गाठ घराच्या उंबरठ्यावर न घालता एखाद्या तिऱ्हाईत मैदानात, समांतर चालवीत घातली जाते, कारण टेरिअर आपल्या हद्दीबाबत अत्यंत मानी असतो.

सारे जुळून आल्यावर जो करारनामा होतो, त्यास आपल्याकडील दत्तकपत्राचीच प्रतिष्ठा असते. नवा पालक काही शुल्क भरतो, जे कुत्र्यावर झालेल्या वैद्यकीय खर्चाच्या मानाने बहुधा थोडेच असते. चिपच्या नोंदीतील नाव बदलून घेतो. कायद्याप्रमाणे गळपट्ट्यावर आपले नाव आणि पत्ता कोरून घेतो. आणि बहुतेक संस्थांच्या बाबतीत असे लिहून देतो की पुढे काही कारणाने कुत्रा ठेवणे अशक्य झाल्यास तो परस्पर कोणास न देता त्याच संस्थेस परत करीन. या शेवटच्या कलमाचे महत्त्व नवख्या माणसाच्या सहसा ध्यानात येत नाही. हातोहात फिरत जाणाऱ्या कुत्र्याचा प्रत्येक नव्या घरी विश्वास थोडा आटतो आणि चावा घेण्याची प्रवृत्ती थोडी बळावते, म्हणून परतीचा एकच निश्चित मार्ग राखून ठेवणे ही त्याच्या जिवाची सुरक्षितता होय. परत आलेल्या कुत्र्याकडेही समजूतदार संस्था अपयश म्हणून पाहत नाहीत. पहिल्या जुळणीत काय हुकले याची भर त्याच्या कागदपत्रांत पडते आणि दुसरी जुळणी अधिक नेमकी होते.

नव्या घरातील पहिले दिवस बहुधा फसवे असतात. आरंभी कुत्रा दबून, जवळजवळ आदर्श वागतो. जागेची ओळख पटली की त्याचे खरे गुण प्रकट होऊ लागतात, आणि नेमक्या याच सुमारास उतावीळ पालकाचा धीर सुटतो. तीन दिवस बावरण्याचे, तीन आठवडे रुळण्याचे आणि तीन महिने घर आपले मानण्याचे, असा एक ठोकताळा या क्षेत्रात सांगतात. तो शास्त्रीय सिद्धांत नसला तरी सबुरी शिकविण्यास पुरेसा आहे. या काळात घरी पाहुण्यांची गर्दी करू नये, कुत्र्याला स्वतःचा एक शांत कोपरा द्यावा, आणि बाहेर त्याला लांब दोरावरच ठेवावे, कारण झाडावर चढणारी एक खार दिसली की टेरिअरच्या कानांपर्यंत धन्याची हाक पोहोचत नाही. त्याचे उकरणे बंद करण्याच्या भानगडीत न पडता, बगिच्याच्या एका कोपऱ्यात वाळूचा खड्डा करून त्यात खेळणी पुरून द्यावी. जेवण थाळीत वाढण्याऐवजी गवतात विखरून किंवा खोक्यात दडवून त्याच्या नाकाला शोधावयास लावावे. तासभर धावूनही न थकणारा टेरिअर वीस मिनिटांच्या अशा वासशोधाने तृप्त होऊन झोपी जातो, असा अनुभव जाणकार सांगतात. त्याच्या वंशपरंपरागत कर्माला घरात काही प्रतिष्ठित स्थान देणे, हेच त्याच्या शिक्षणाचे आद्य तत्त्व होय.

या साऱ्या उद्योगातील सर्वांत कष्टप्रद प्रकरण मात्र बुल टेरिअर कुळीचे आहे. वळूवर कुत्री सोडण्याचा क्रूर खेळ ब्रिटिश पार्लमेंटने १८३५ साली बंद केला. त्या खेळासाठी घडविलेल्या कुत्र्यांचा टेरिअरांशी संकर होऊन जी बळकट संतती झाली, तिच्यापैकी स्टॅफर्डशर बुल टेरिअरला केनेल क्लबने १९३५ साली मान्यता दिली. माणसांच्या अंगचटीला येणारा, लाडिक आणि सोशीक म्हणून ख्यात असलेला हा स्टॅफी पुढे शहरांतील टोळक्यांच्या मिरवण्याचे साधन बनला, त्याची बेसुमार पैदास झाली, आणि लंडनमधील निवाऱ्यांत कित्येक वर्षे सर्वाधिक पिंजरे त्यानेच व्यापले. त्याचा अमेरिकन भाऊबंद पिट बुल टेरिअर याच्यावर तर १९९१ च्या 'डेंजरस डॉग्ज ॲक्ट'ने बंदीच घातली, आणि ३१ डिसेंबर २०२३ पासून इंग्लंड व वेल्समध्ये एक्सएल बुली या प्रकारच्या कुत्र्याचाही समावेश त्या निर्बंधात झाला. अशा प्रकारात मोडणारा कुत्रा विकणे, बक्षीस देणे किंवा दुसऱ्यास देणे हाच गुन्हा असल्यामुळे, आणि प्रकार आईबापांवरून नव्हे तर डोके, छाती, पाय यांच्या मोजमापावरून ठरत असल्याने, स्वभावाने निष्पाप ठरलेला कुत्राही संस्थेला नव्या घरी धाडता येत नाही. त्याला शांतपणे मृत्यू देणे एवढाच मार्ग उरतो. जीवघेण्या हल्ल्यांत ज्यांची मुले दगावली त्यांचे दुःख अपार आहे आणि सार्वजनिक सुरक्षिततेची चिंता रास्त आहे. तथापि दोष आकृतीवर न ठेवता वर्तनावर आणि मालकाच्या जबाबदारीवर ठेवावा, ही प्राण्यांवरील क्रौर्य रोखण्यासाठी झटणारी आर.एस.पी.सी.ए. आणि डॉग्ज ट्रस्ट या संस्थांची दीर्घकालीन मागणीही तितकीच विचारार्ह आहे.

याच्या अगदी उलट टोकाला स्काय, सीलिहॅम आणि डँडी डिनमाँट या जुन्या जाती आहेत. वर्षाला तीनशेहून कमी पिल्लांची नोंद होणाऱ्या देशी जातींना केनेल क्लब संकटग्रस्त मानतो, आणि त्या यादीत कितीतरी टेरिअर आहेत. एका जातीला घरे पुरत नाहीत आणि दुसरी नामशेष होण्याच्या पंथास लागली आहे, या विषमतेच्या मुळाशी माणसाच्या हौशीची लहर आहे. चित्रपटात एखादा कुत्रा गाजला की त्याच्या जातीची मागणी वाढते, पैदास करणारे पैसा मिळवितात आणि काही वर्षांनी उरलेला भार निवाऱ्यांच्या दाराशी येऊन पडतो. उलटपक्षी मोठ्यांचे अनुकरण कधी कल्याणकारीही ठरते. राणी कॅमिला यांनी बॅटरसीतून आणलेल्या बेथ आणि ब्लूबेल या दोन जॅक रसेल कुत्र्यांच्या आकृती ६ मे २०२३ च्या राज्याभिषेकसमयीच्या त्यांच्या पोशाखावर सोनेरी धाग्यांनी भरल्या होत्या. २०१९ साली वेल्समधील एका संस्थेकडून आणलेला डिलिन नावाचा संकरित जॅक रसेल तर पंतप्रधान बोरिस जॉन्सन यांच्यासमवेत डाउनिंग स्ट्रीटवर राहण्यास गेला. निवाऱ्यातील कुत्रा म्हणजे टाकाऊ माल, हा समज दूर करण्यास अशा उदाहरणांचे साहाय्य होते यात संशय नाही.

लंडन, स्लाव, लेस्टर, मँचेस्टर येथे स्थायिक झालेल्या आणि मुलांच्या हट्टामुळे कुत्रा घेण्याच्या विचारात असलेल्या मराठी कुटुंबांना यातून दोन शब्द सांगण्यासारखे आहेत. अर्ज करण्यापूर्वी आपला भाडेकरार वाचावा, दिवसाचे तास मोजावे, आणि भारतात चार आठवड्यांसाठी जाताना कुत्रा कोणाकडे राहील, तसेच सहा महिने मुक्कामाला येणारे आईवडील त्याच्यासह राहण्यास राजी आहेत काय, याचा निकाल आधी लावून घ्यावा. मग निवाऱ्यातील सेवकाला आपल्या घरची स्थिती काहीही न लपविता सांगावी आणि तो सुचवील त्या कुत्र्याला, मग तो छायाचित्रातल्यासारखा देखणा नसला, आठ वर्षांचा असला किंवा एका डोळ्याने अधू असला तरी, भेटून यावे. प्रौढ टेरिअरचा स्वभाव घडून चुकलेला असतो, त्याचे गुणदोष कागदावर उतरलेले असतात, आणि पिल्लाच्या बाबतीत जो जुगार खेळावा लागतो तो येथे टळतो. एवढी तयारी नसेल तर टेरिअर न घेणे हेच त्याच्यावर उपकार करण्यासारखे आहे. असेल तर मात्र पिल्लू विकत घेण्यापूर्वी एकदा निवाऱ्याच्या दारावरून जावे.